यूपीएस ऐनवेळी का झोपतो?

यूपीएसबद्दलच्या तक्रारी मोजून चार-पाचच असतात. "हिरवा दिवा लागलेला असतो, पण लाईट गेले की दोन मिनिटांत सगळं ठप्प." "यूपीएस चालू राहतो, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो." "इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणतो." "सोसायटीचा जनरेटर सुरू झाला की यूपीएस सारखा टकटक करतो." नात्यात किंवा सोसायटीत एखादा इंजिनीयर असला की हे सगळे प्रश्न त्याच्याकडे येतात, मग तो बिचारा दिवसभर जावा का लिहीत असेना. मी त्यातलाच एक.

उत्तरं देता देता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या तक्रारींपैकी एकही नवीन नाही. आपण यूपीएसला कॉम्प्युटरचा धाकटा भाऊ समजतो, पण त्या डब्यात वेगवेगळ्या वयाची यंत्रं एकत्र नांदत असतात. वरचा दिवे लावणारा मायक्रोकंट्रोलर आपल्या पिढीचा. इन्व्हर्टर आजोबांच्या पिढीचा. आणि तळाशी बसलेली ती जड, काळी बॅटरी थेट १८५९ सालातली! बहुतेक वेळा दुखणं या सगळ्यात म्हाताऱ्या मंडळींचं असतं. तेव्हा तक्रारींच्या क्रमाने इतिहास बघू.

तक्रार पहिली : हिरवा दिवा आहे, पण बॅकअप नाही

१८०० साली व्होल्टाने पहिली बॅटरी केली खरी, पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी केली गास्तों प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये एकमेकांना लागू नयेत म्हणून कापडाच्या किंवा रबराच्या पट्ट्या, त्याची सुरळी, आणि ती सुरळी सौम्य गंधकाम्लात बुडवलेली. झाली बॅटरी. १८८१ मध्ये कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साईडचा लेप दिला, त्यामुळे तिच्यात कितीतरी जास्त वीज मावू लागली आणि ती कारखान्यात तयार होऊ लागली. आपल्या टेबलाखालच्या यूपीएसमध्ये आजही मुळात हेच आहे. शिसं, त्याचं ऑक्साईड आणि आम्ल.

या बॅटरीची एक खोड आहे. ती वीज देते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून पूर्ववत होतं. पण बॅटरी बराच काळ अर्धवट भरलेली किंवा रिकामी राहिली, तर या सल्फेटचे कडक, मोठे स्फटिक होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा निकामी. शिवाय धन पत्र्याची जाळी वर्षानुवर्षं आतून गंजत असते ती वेगळीच.

मेख अशी की निकामी होत चाललेली बॅटरीही व्होल्टेज मात्र झकास दाखवते. मल्टिमीटर लावा, १२.८ व्होल्ट दिसतील. मग भार टाकला की काही सेकंदांत १०.५ च्या खाली घसरगुंडी. बऱ्याच साध्या यूपीएसमधला हिरवा दिवा फक्त "मेन्स आहे" एवढंच सांगतो. बॅटरीला काम पडलं तर ती किती टिकेल, हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणून पहिल्या तक्रारीचं निदान करायचा एकच रस्ता आहे: भार टाकून बघणे. त्याची रीत शेवटी सांगतो.

बॅटरीची खोली सांभाळणारा माणूस

ही खोड जुन्या लोकांना पक्की माहीत होती. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू केलं ते डीसीवर. पुढे अशा डीसी केंद्रांमध्ये हळूहळू मोठमोठ्या शिशाच्या बॅटऱ्या आल्या. रात्री उशिरा दिव्यांचा भार उतरला की यंत्रं थांबवायची आणि बॅटरीवर शहर चालवायचं. नंतर एसी जिंकला, कारण ट्रान्सफॉर्मरने त्याचा दाब वाढवून वीज लांबवर नेता येते. पण एसी बॅटरीत भरून ठेवता येत नाही. त्यामुळे वीजपुरवठ्यातलं बॅटरीचं स्थान घसरलं.

ती टिकून राहिली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. लहानपणी घरातले लाईट गेले तरी लँडलाईन चालू असायची, आठवतंय? त्याचं कारण हेच. एक्स्चेंज उणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतं आणि फोनला लागणारी वीज तारेतूनच येते. मेन्स फक्त बॅटरी भरत राहतो, आणि मेन्स गेला तर काहीही बदलावं लागत नाही, कारण बॅटरी आधीपासून जोडलेलीच असते. ९ नोव्हेंबर १९६५ ला नायगारावरच्या एका केंद्रातल्या रिलेमुळे सुरुवात होऊन न्यूयॉर्कसकट ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ अंधारात गेले. सुमारे तीन कोटी लोक, काही ठिकाणी तेरा तासांपर्यंत. तेव्हाही टेलिफोन चालू होते.

हे फुकटात होत नव्हतं. एक्स्चेंजमध्ये बॅटरीची वेगळी खोली असायची आणि तिला एक माणूस असायचा. हातात हायड्रोमीटर. आम्लाची घनता मोजायची, वहीत लिहायची, पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवरचा क्षार पुसायचा. एखादा सेल मागे पडायला लागला की वहीतल्या आकड्यांवरून तो दगा द्यायच्या कितीतरी आधी पकडला जायचा. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तक्रार दुसरी : कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो

यूपीएसची कल्पना कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेत जॉन हॅन्ली नावाच्या माणसाला "अखंड वीजपुरवठा राखणाऱ्या यंत्रा"चं पेटंट मिळालं. नंतर टेलिकॉम, लष्कर वगैरे ठिकाणी फिरत्या यंत्रांचे संच आले. मोटर जनरेटरला फिरवते, दोघांच्या मध्ये एक जडशीळ चाक. मेन्स गेला तरी चाक आपल्या वेगाने फिरत राहतं आणि तेवढ्या वेळात डिझेल इंजिन सुरू होतं. म्हणजे वीज साठवायची ती चक्क चाकाच्या गतीत.

आपला घरगुती यूपीएस याच्या अगदी उलट स्वभावाचा. मेन्स असताना तो मेन्सचीच वीज सरळ पुढे सोडतो आणि मेन्स गेला की रिले टकदिशी पलटून इन्व्हर्टरवर जातो. या पलटण्याला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे जवळपास अर्धं आवर्तन कॉम्प्युटरला काहीच मिळत नाही! तेवढा वेळ कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर किल्ला लढवतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. तो कपॅसिटर जुना झाला, किंवा एसएमपीएस स्वस्तातला असून त्यावर भारी ग्राफिक्स कार्ड बसवलं, की हा वेळ कमी होतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट. लोक यूपीएस बदलतात, आणि नवीन यूपीएसवरही तेच होतं. अशा वेळी तोच यूपीएस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे नीट चालला तर दोषी कोण ते कळलंच.

तक्रार तिसरी : गुणगुण आणि टकटक

डीसीपासून एसी करणाऱ्या यंत्राला "इन्व्हर्टर" हे नाव रूढ केलं ते डेव्हिड प्रिन्स या जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनीयरने, १९२५ मधल्या एका लेखात. तेव्हा काम व्हॅक्यूम आणि पाऱ्याच्या नळ्यांवर चालायचं. १९५७ मध्ये त्याच कंपनीत थायरिस्टर तयार झाला आणि साठच्या दशकात फिरत्या चाकांची जागा न फिरणाऱ्या यूपीएसनी घ्यायला सुरुवात केली.

पण डीसीचा एसी करायचा सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे वीज उलटसुलट जोडत राहणे. त्यातून मिळते चौकोनी लाट. बल्बला किंवा साध्या एसएमपीएसला तिचं काही वाटत नाही. पंख्याच्या मोटरला मात्र गोलाईदार साइन वेव्हची सवय असते. लाटेचे चौकोनी कोपरे तिला सोसत नाहीत, म्हणून ती गुणगुणते आणि तापते. हा बिघाड नव्हे, खरेदीच्या वेळी वाचवलेल्या पैशांचा आवाज आहे :-) प्युअर साइन वेव्हचं यंत्र घेणे एवढाच त्यावर उपाय.

टकटकीचं कारण वेगळं. सोसायटीचा जनरेटर सुरू असताना लिफ्ट चालू झाली की त्याचा वेग क्षणभर ढळतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी हलते. यूपीएसला वाटतं मेन्स बिघडला, म्हणून तो बॅटरीवर जातो. पुन्हा परत येतो. असं दिवसातून पन्नासदा झालं तर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, आणि मग वर सांगितलेलं सल्फेट. काही यूपीएसमध्ये संवेदनशीलता कमी करायची सोय असते. ती वापरा, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरचा गव्हर्नर तपासून घ्या.

तक्रार चौथी : हिशोबाने चौदा मिनिटं, प्रत्यक्षात चार

ही सर्वात महत्त्वाची. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला बोलावलं. काका आजारी, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणलेला.

"अरे, कॉम्प्युटरचा यूपीएस आहे ना आपला, त्याच्यावर यांचं मशीन चालेल ना रे?"

"काकू, त्यावर नका अवलंबून राहू."

"अरे पण त्याच्यावर सहाशे लिहिलंय की! मशीनवर साडेतीनशेच आहेत."

काकूंचा हिशोब चुकीचा नव्हता, डब्यावरचा आकडा फसवा होता. ते सहाशे व्हीए. वॉटमध्ये असे यूपीएस बहुधा ३६० च्या आसपास देतात. म्हणजे साडेतीनशेचं मशीन काठावर, आणि त्यातल्या कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढणार. (लेझर प्रिंटर जोडला की यूपीएस बोंबलतो तोही याच कारणाने. त्याचा हीटर अधूनमधून हजारेक वॉट ओढतो.)

समजा तरीही चालला. आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. भागिले ३५०, म्हणजे चौदा मिनिटं. पण इथे १८९७ सालचा एक जर्मन आडवा येतो, विल्हेल्म प्यूकर्ट. त्याने दाखवून दिलं की शिशाच्या बॅटरीतून जितक्या घाईने वीज काढाल तितकी ती एकूणच कमी देते. ७ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने, काढलं तरचा. साडेतीनशे वॉटला, इन्व्हर्टरमधली घट धरून, ३५ अँपिअरच्या आसपास लागतात. शंभर पट! एवढ्या घाईत ती निम्म्याहून कमी देते. म्हणजे नवी कोरी असताना चार-पाच मिनिटं. तीन वर्षं जुनी असेल तर देव जाणे.

मी काकूंना हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. मग साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घ्यायचं ठरलं. कागदावर पाच तास होतात, धरून चालायचे तीन. आणि काहीही झालं तरी ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर हाताशी ठेवायचा, तो कसा जोडायचा ते मशीनवाल्याकडून शिकून घ्यायचं. सिलिंडरला बॅटरी लागत नाही.

माणूस कुठे गेला?

आता तो हायड्रोमीटरवाला माणूस. १९५७ मध्ये जर्मनीत ओटो याखे याने आम्लाची जेली करून बॅटरी बंद करता येईल असं केलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या गेट्स कंपनीने काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून घेणारी सीलबंद बॅटरी आणली. चार्जिंगमध्ये सुटणारा ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्यात जातो, त्यामुळे पाणी घालायला नको. कशीही ठेवा, सांडत नाही. १९८४ पासून एपीसीसारख्या कंपन्यांनी पर्सनल कॉम्प्युटरसाठी छोटे यूपीएस विकायला घेतले, ते शक्य झालं अशाच बॅटऱ्यांमुळे. तिचं नाव "मेंटेनन्स फ्री".

सोय मोठी झाली, पण झाकण गेलं तशी आत डोकवायची जागाही गेली. घनता मोजता येत नाही, पाणी दिसत नाही, वही नाही. देखभाल करता येत नाही याचा अर्थ आपण देखभाल लागत नाही असा घेतला. आणि ही बॅटरी गरमीला फार हळवी. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, वर फायलींचा ढीग, आणि बाहेर मे महिना. कंपनीने सांगितलेली पाच वर्षं दोन-तीनवर येतात ती अशी.

तरी आपल्या राज्यात एके काळी या माणसाचं काम एका वेगळ्याच गोष्टीने केलं. लोडशेडिंगने! दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली, जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, आणि त्या सुमाराला भारनियमन शिगेला पोचलं. पुण्यात २००६ मध्ये कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे आणि वाचलेली वीज शहराला द्यायची असा प्रयोग झाला, त्यामुळे शहर सुटलं. गावाकडे मात्र दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. मी तेव्हा शाळेत होतो. कोणाची बॅटरी किती चालते हे सगळ्या आळीला पाठ असायचं. "आमची कालपासून पाऊण तासच चालतेय" असं कोणीतरी म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला हजर. लोडशेडिंग ही बॅटरीची रोजची परीक्षा होती. तेव्हा बॅटऱ्या मरायच्या त्या राबून राबून, पण सांगून मरायच्या.

आता शहरांतली परिस्थिती कितीतरी सुधारली. बॅटऱ्या बसून बसून मरतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून अलग करून वाचवणारी आयलँडिंगची व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे, त्या दिवशी तीही कामी आली नाही. लोकल थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाईन परीक्षा पुढे गेल्या. काळ करोनाचा, लाखो लोक घरून काम करत होते आणि रुग्णालयं भरलेली. ज्या शहराला लाईट जाण्याची सवयच नाही, तिथल्या कपाटाखालच्या किती यूपीएसची त्या दिवशी पहिली परीक्षा झाली असेल, विचार करा.

तर काय करायचं?

महिन्यातून एक दिवस ठरवा. काम सेव्ह करा, यूपीएसवर नेहमीचाच भार ठेवा (ऑक्सिजनचं मशीन असेल तर पेशंटला सिलिंडरवर घेऊन किंवा मशीनऐवजी तेवढ्याच वॉटचा दुसरा भार लावून) आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका. बटणाने फक्त फेज तुटतो, अर्थिंग जोडलेलं राहतं. किती मिनिटं चालला ते लिहा. एकदम शून्यापर्यंत नेऊ नका, निम्म्यावर थांबा. नवीन असताना वीस मिनिटांत निम्म्यावर येणारा यूपीएस बारा मिनिटांत यायला लागला की बॅटरीचे पैसे बाजूला काढा.

बॅटरी बदलताना आत दोन-तीन सिरीजमध्ये असतील तर सगळ्या एकदम बदला, एक जुनी बाकीच्यांना घेऊन बुडते. नवीन यूपीएस मुळीच सुरू होत नसेल तर आधी बॅटरीची वायर जोडली आहे का बघा, अनेकदा ती सोडवूनच पाठवतात. "वायरिंग फॉल्ट"चा दिवा लागला तर यूपीएसला शिव्या न देता इलेक्ट्रिशियनला बोलवा, फेज-न्यूट्रल उलटे असतील किंवा अर्थिंग नसेल. बॅटरी फुगली असेल तर तिला चार्जिंगवर मुळीच ठेवू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे न टाकता दुकानदारालाच परत द्या. २००१ पासून तसे नियम आहेत, २०२२ मध्ये ते नवीन झाले, आणि शिसं हे विष आहे. आणि यूपीएसचं खोकं स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी इन्व्हर्टर २३० व्होल्ट देतच असतो. लिफ्टमध्ये अडकल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन सोडणाऱ्या यंत्रालाही अशीच बॅटरी असते, हे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये जरूर विचारा. कोणी कधी तपासली?

काकू आता हे काम माझ्यापेक्षा शिस्तीत करतात. पहिल्या रविवारी काकांना सिलिंडरवर घेतात, मशीन इन्व्हर्टरवर तासभर चालवतात, आणि तास संपला की बॅटरीचा आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहितात. ट्युब्युलर बॅटरीला पाण्याची झाकणं असतात, तीही बघतात. एक्स्चेंजमधली वही हीच. फार मोठं तंत्रज्ञान नाही त्यात. तुमच्या बॅटरीवर मार्करने विकत घेतल्याची तारीख आजच लिहून टाका, सुरुवात तिथून करता येईल.